तहान उन्हाची की साखरेची?

लेखमाला : ओळख मधुमेहाची – लेखांक ३

मे महिन्यात भुसावळात पारा पंचेचाळीस अंशांवर गेला, की ‘एवढं पाणी का पितोस?’ असं खान्देशात कुणी कुणाला विचारत नाही. माठ दिवसातून दोनदा भरावा लागतो, शेतावर निघताना पाण्याचा कॅन बरोबर असतोच. मधुमेहाला लपायला याहून सोयीची जागा नाही. सतत तहान लागणं हे त्याचं सर्वांत ठळक लक्षण, आणि जळगाव-धुळ्यात भर उन्हाळ्यात ते घरोघरी असतं.

फरक ओळखायचा तर लघवीकडे पाहावं. उन्हाने तहान लागते तेव्हा अंगातलं पाणी घामावाटे गेलेलं असतं. मूत्रपिंडं उरलेलं पाणी राखून ठेवतात, म्हणून लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. मधुमेहात क्रम उलटा. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या (दर १०० मिलिलिटरला) वर गेली, की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही. ती लघवीत उतरते आणि उतरताना पाणी ओढून नेते. आधी लघवी वाढते, मग तहान. ही लघवी भरपूर असते, फिकट असते आणि रात्री झोपेतून दोन-तीनदा उठवते. साठीपुढच्या पुरुषांमध्ये रात्रीचं उठणं प्रोस्टेटमुळेही असू शकतं, पण त्यात तहान अशी वाढत नाही.

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. दर तासाला ट्रक बाजूला घ्यावा लागणारा चालक त्याचं खापर ढाब्यावरच्या चहावर फोडतो, आणि तहान भागवायला थंड पेयाची बाटली उघडतो. तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत साधारण तीस ग्रॅम साखर असते. ती पोटात गेली की रक्तातली साखर आणखी चढते, लघवी आणखी होते आणि पुढच्या ढाब्यावर पुन्हा बाटली उघडली जाते. रसवंतीवरच्या उसाच्या रसाचंही तेच.

वजन घटण्यालाही इथे तयार कारण असतं : कापूस वेचणीचा हंगाम होता, कामाने वाळला. भूक मेली म्हणून माणूस वाळला तर गोष्ट वेगळी. दोन भाकरी जास्त खाऊनही पट्ट्याला नवं भोक पाडावं लागत असेल, तर शंका घ्यायलाच हवी. इन्सुलिन कमी पडलं की खाल्लेली साखर पेशींना वापरता येत नाही आणि शरीर स्वतःची चरबी व स्नायू मोडून खातं. अशा माणसाच्या घरच्यांना आधी क्षयरोग आठवतो. ते चूकही नाही. मधुमेह्याला क्षयाचा धोका दोन-तीन पट असतो, म्हणून सरकारी क्षयरोग कार्यक्रमात रुग्णाची साखरही तपासतात.

‘शुगर जाड्या माणसांना होते’ हा समज मात्र सोडून द्यावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या हिशेबात वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी बेताचा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! भारतीय माणूस वरून सडपातळ दिसला तरी आतून तसा असेलच असं नाही. मधुमेह हा फक्त शहरी आजारही नव्हे : २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ पाहणीत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात त्याचं प्रमाण ६.५ टक्के आढळलं होतं.

पायांची गोष्ट सर्वांत उशिरा लक्षात येते. चैत्रातल्या यात्रेसाठी खान्देशातून असंख्य भाविक पायी सप्तशृंगी गडाकडे निघतात, काही जण अनवाणी. तापलेल्या डांबराचा चटका ज्याला बसतो तो नशीबवान म्हणायचा, कारण त्याच्या नसा शाबूत आहेत. ज्याला चटका कळतच नाही, त्याचा पाय मुक्कामावर पोचेपर्यंत फोडांनी भरलेला असतो. तळव्यांची आग, मुंग्या, पायातून चप्पल निसटली तरी न कळणं, आठवडे उलटूनही न भरणारी जखम : यातलं काहीही दिसलं, तर साखर वाढून बराच काळ झालेला असू शकतो.

बाकीच्या खुणा थोडक्यात. काही आठवड्यांत दृष्टी धूसर होणं. साखरेमुळे डोळ्यातलं भिंग फुगतं, म्हणून साखर आटोक्यात येईपर्यंत नवा चष्मा करण्याची घाई करू नये. जांघेत किंवा जननेंद्रियाभोवती पुन्हा पुन्हा येणारी खाज, जी बायका घामावर ढकलून अंगावर काढतात. मानेवरचा काळा, मखमली पट्टा, जो कितीही घासला तरी जात नाही.

लहान मुलांत मात्र थांबायला वेळ नसतो. एरवी कोरडं राहणारं मूल अंथरूण ओलं करू लागलं, झपाट्याने वाळलं आणि त्यातच पोटदुखी, उलट्या, जोरजोरात श्वास सुरू झाला, तर ऊन लागलं असेल म्हणून कांद्याचा रस चोळत बसू नये. त्याच तासाला साखर तपासावी आणि रुग्णालय गाठावं.

मोठ्यांमध्ये यांपैकी एकही लक्षण नसताना मधुमेह वर्षानुवर्षं असू शकतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत तो अवचित सापडतो. म्हणून तिशी ओलांडलेल्यांची साखर गावच्या आरोग्य उपकेंद्रात मोफत तपासतात. आशाताईंना विचारलं तर दिवस कळतो. बोटाच्या टोकावरची ही चाचणी संशयापुरती, निदान प्रयोगशाळेत. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, अथवा एचबीए१सी (तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेवरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी) ६.५ टक्के किंवा अधिक, म्हणजे मधुमेह. लक्षणं नसतील तर चाचणी पुन्हा करून खात्री करतात. लक्षणं स्पष्ट असतील तर कोणत्याही वेळची २०० साखर पुरेशी ठरते.

यातला एचबीए१सीचा आकडा साक्री-शिरपूरच्या आदिवासी पट्ट्यात जपून वाचावा लागतो. तिथे सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो, आणि तांबड्या पेशी लवकर मरत असतील तर हा आकडा खोटा कमी दिसतो. त्याविषयी पुढच्या लेखांकात.