उभे अठ्ठावीस, आडवे चोवीस

माझ्या पाहण्यात आलेल्या भरतकामाच्या मराठी पुस्तकांत टाके भरपूर असतात, नमुनेही असतात. कापड मात्र एखाद्या ओळीत उरकलेले असते. ‘मॅटी किंवा दोसुती घ्यावी’ एवढेच. वस्त्रविद्येचे रीतसर शिक्षण मला नाही. पण गेली काही वर्षे जुने रुमाल, टेबलक्लॉथ, इरकली साड्या भिंगाखाली धरून धागे मोजत बसण्याचा नाद लागला आहे. त्यातून एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली : मोजून भरायच्या कामात आकार बिघडतो तो बहुतेकदा हाताने नव्हे, कापडाने.

मोजून भरायचे काम म्हणजे ज्यात कापडावर आधी काही छापलेले किंवा रेखाटलेले नसते. धागे मोजायचे आणि सुई घालायची. क्रॉस स्टिच म्हणजे आपला फुलीचा टाका, धारवाडकडची कसुती, पंजाबची फुलकारी ही सगळी एकाच कुळातली. फुलकारी तर खद्दराच्या उलट बाजूने धागे मोजत भरतात. इथे कापड हाच आलेखाचा कागद. त्या कागदावरची घरे चौकोनी नसून लांबट असतील तर?

समजा, कापडाच्या एका इंचात उभे धागे २८ आहेत आणि आडवे २४. दोन-दोन धाग्यांवर एक फुली घेतली तर रुंदीत इंचाला १४ फुल्या बसतील आणि उंचीत १२. आता ६० फुल्या रुंद आणि ६० उंच असे गोल कमळ भरा. ते सव्वाचार इंचांहून किंचित जास्त रुंद आणि पूर्ण पाच इंच उंच होईल. एकही फुली चुकलेली नाही, मोजणी तंतोतंत, आणि कमळाचे अंडे झाले. हे कळते केव्हा, तर महिनाभराचे काम पुरे होऊन कापड पसरल्यावर. उसवण्यानेही भागत नाही, कारण उसवून पुन्हा त्याच कापडावर भरायचे.

इंचात उभे-आडवे धागे सारखे असलेल्या कापडाला सम विणीचे कापड म्हणू. ते बाजारात सहजी का मिळत नाही, याचे उत्तर मागावर आहे. उभा ताणा एकदा भरला की भरला. आडवा धागा मात्र एकेक फेकून घ्यावा लागतो; यंत्रमागावरची मजुरीही या आडव्या धाग्यांवर, म्हणजे ‘पिका’वर मोजतात. इंचात चार पिके कमी घातली की तितकाच वेळ चालून माग जास्त कापड देतो. नेसायच्या, अंथरायच्या कापडात या फरकाने काही बिघडत नाही, त्यामुळे विणकराला दोष देण्यात अर्थ नाही. अडचण फक्त आपली, मोजणाऱ्यांची.

म्हणून कापड घेताना मोजावे. दुकानात भिंग काढले की दुकानदार आपल्याला कुठल्यातरी खात्याचे समजतात, तेवढे सोसावे. एका इंचात चुकायला वाव फार. चार इंच मोजून चाराने भागावे, आणि काठापासून दूर, दोन-तीन ठिकाणी. पण खरी मोजणी घरी. आधी वीतभर तुकडा आणून कोमट पाण्यात भिजवावा, खळ जाऊ द्यावी, न पिळता सपाट वाळवावा. मागावर ताणा ताणलेला असतो. पहिल्या धुण्यात तो सैल पडतो आणि कापड बहुधा लांबीत जास्त आटते. दुकानात सम दिसलेले कापड म्हणूनच घरी विषम निघू शकते. क्वचित उलटही होते, आणि अशा स्वस्त कापडाची लॉटरी लागल्यावर मी सगळा तागाच उचलते.

कसुतीत ही गोष्ट अधिक नाजूक होते. तिचे टाके चार : गावंती, मुर्गी, नेयगी आणि मेंथी, यातला मेंथी म्हणजे फुलीचाच. गावंतीत एक धागाटाका सोडत पुढे जायचे आणि परत येताना सोडलेल्या जागा भरायच्या, गाठ न मारता, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसतात. मुर्गी जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांनी चढते. कापड विषम असेल तर तिचा चढ बदलतो आणि गोपुर बसके तरी होते किंवा सुळक्यासारखे. त्यात काळ्या चंद्रकळेवर काळे धागे मोजायचे! मांडीवर पांढरे फडके घेतले की धाग्यांमधली छिद्रे उजळतात. याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत निघालेल्या आयडा कापडाने मोजणी सोपी केली. त्यात धाग्यांचे गट विणलेले असतात आणि कोपऱ्यांवर छिद्रे तयार. १४ नंबरचे आयडा म्हणजे इंचात १४ घरे. २८ धाग्यांच्या सम कापडावर दोन-दोन धागे घेतले तरी माप तेच येते. नवशिक्याने आयडाच घ्यावे. मात्र अर्धी-पाव फुली घ्यायची तर आयडात गटाच्या मधोमध सुई खुपसावी लागते, सम विणीत तिथे छिद्र आयतेच असते. चेहरे, पाकळ्या, बारीक वळणे असली की मी आयडा बाजूला ठेवते. लिननचे रूप देखणे, पण त्यात मध्येच जाड धागा येतो. डोळा सरावलेला नसेल तर तिथे मोजणी घसरते. आपली मॅटी जोडधाग्यांची आणि स्वस्त. धुऊन, मोजून सम निघाली तर तिला नावे ठेवायचे कारण नाही.

विषम कापड गळ्यात पडलेच तर त्यावर एका दिशेने धावणारी पट्टी भरावी. चारी बाजूंनी फिरणारी किनार भरू नये : उभ्या बाजूची फुले लांबट, आडव्या बाजूची आखूड, आणि कोपऱ्यात दोन्ही शेजारी येतात. सहा रुमालांचा संच असेल तर सगळे तुकडे एकाच दिशेने कापावेत आणि ताण्याची बाजू कळण्यासाठी प्रत्येकाच्या कोपऱ्यात कच्चा टाका घालून ठेवावा.