नवेगावचे अरण्य आणि शहापूरचे दुकान

शहापूर-मुरबाडच्या व्यापारी कुटुंबांचे प्रवास बहुधा ठरलेले असतात. मालासाठी कल्याण, भिवंडी, मुंबई. यात्रेसाठी पालिताणा, आबू, शिखरजी. पूर्व विदर्भाशी आपला संबंध सहसा येत नाही. मुंबईहून गोंदियाला जाणारी विदर्भ एक्सप्रेस रोज रात्री आसनगावहून धडधडत निघून जाते, थांबत नाही. ती जेथवर जाते त्या गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधचे अरण्य मात्र पुस्तकांच्या द्वारे आपल्या घरी येऊ शकते. त्यासाठी मारुती चितमपल्ली यांचे ग्रंथ कपाटात असावेत.

चितमपल्ली यांचा जन्म १९३२ साली सोलापूरचा. गिरण्यांचे गाव, मातृभाषा तेलुगू. वनखात्यात ३६ वर्षे सेवा करताना त्यांनी अरण्य पाहिले आणि ते मराठीत लिहिले. २००६ साली सोलापूरच्याच अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात त्यांचे निधन झाले.

‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक प्रथम हाती घ्यावे. नवेगावचा विस्तीर्ण तलाव, हिवाळ्यात तेथे उतरणारी परदेशी बदके, जोडीने वावरणारे सारस क्रौंच ही त्या प्रदेशाची संपदा आहेच. परंतु ते तलाव निसर्गाने आयते दिलेले नाहीत. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने पूर्व विदर्भात शेकडो तळी बांधली. नवेगावचा बांधही कोहळ्यांचाच. या तळ्यांत मासेमारी करणारे धिवर, रानात वावरणारे गोंड आणि गावचे माधवराव पाटील यांच्याकडून चितमपल्ली शिकले. वनखात्यातला अधिकारी अशिक्षित मानल्या गेलेल्या माणसांपुढे विद्यार्थी होऊन बसतो, ही या लेखनातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. एखादा पक्षी घरटे कोठे करतो हे धिवराला ठाऊक असे. चितमपल्ली ते विचारीत आणि टिपून ठेवीत. आपल्या पेढीवरच्या रोजमेळासारखी ही रोजची नोंद पुढे ग्रंथरूप झाली. जेथे मराठीत शब्द नव्हता तेथे त्यांनी तो घडविला. बगळे-करकोच्यांच्या सामुदायिक वसाहतीला ‘सारंगागार’ आणि कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ हे शब्द त्यांचेच.

अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला यातील काही पाने जड जातील. अरण्यातील माणसे मासे धरतात, सापळे लावतात, आणि लेखक ते लपवीत नाही. तरीही ती पाने वगळून पुढे जाऊ नये. कोणाचे जीवन कशावर चालते हे जाणल्याविना त्याच्याविषयी केलेली दया अर्धवटच राहते.

याच संदर्भात आपल्या परंपरेतील एका ग्रंथाचे स्मरण होते. तेराव्या शतकातील जैन पंडित हंसदेव यांनी संस्कृतात ‘मृगपक्षिशास्त्र’ रचले. शिकारीस गेलेल्या शौडदेव राजाला वनातील प्राण्यांचे वैविध्य पाहून त्यांची माहिती ग्रथित व्हावी असे वाटले आणि हे काम हंसदेवांकडे आले, अशी त्याची कथा सांगतात. सुमारे १,७०० श्लोकांत पशुपक्ष्यांचे प्रकार, स्वभाव, आवाज, आयुर्मान यांचे वर्णन आहे; एकट्या सिंहाचेच सहा प्रकार सांगितले आहेत. आजच्या शास्त्राच्या कसोटीला त्यातले सारे उतरणार नाही, पण प्राण्याला वाचवायचे तर आधी त्याला नीट पाहावे लागते ही दृष्टी त्यात आहे. या ग्रंथाचा मराठी अनुवाद महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला, आणि ते कार्य चितमपल्ली यांनीच हाती घेतले होते. किती जैन घरांत तो असेल?

दूरच्या अरण्याचे पुस्तक मिटल्यावर जवळचे रान वेगळे दिसू लागते. रानपिंगळा हे लहानसे घुबड १८८४ नंतर कोणाच्या दृष्टीस पडले नाही, म्हणून नामशेष झाले असे मानले जाई. १९९७ साली ते शहाद्याजवळ पुन्हा आढळले, आणि २०१४ साली आपल्या शहापूर तालुक्यातील तानसा अभयारण्यात दिसले. मुंबईला पाणी देणारे तानसा आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या काठच्या सागवनातील हा पाहुणा मात्र फारच थोड्यांना.

तीच गोष्ट माणसांची. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली ही मंडळी पिढ्यान्पिढ्या आपल्या दुकानांची गिऱ्हाइके आहेत. मीठ-मिरची, कापड, कौले, खिळे यांसाठी ती येतात, आणि आपल्या वहीत त्यांचे तीन रकाने असतात: नाव, पाडा आणि बाकी. कोणत्या झाडाची साल कोणत्या दुखण्यावर चालते, कोणत्या पाखराच्या ओरडण्यावरून पाऊस ओळखतात, याचा रकाना नाही. नवेगावला जे लिहिले गेले ते येथे अद्याप बरेचसे जिभेवरच आहे, आणि ते जाणणारी माणसे म्हातारी झाली आहेत. त्यांची नातवंडे आसनगावहून लोकल धरून कामाला जातात. आपली नातवंडे दूरदर्शन संचावर आफ्रिकेचे सिंह पाहतात.

पावसाच्या तोंडाशी शेवळे, मग टाकळा, भारंगी, करटोली यांच्या टोपल्या रस्त्याकडेला मांडल्या जातात. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य, त्यामुळे आपण त्यांकडे न पाहता पुढे निघून जातो. भाजी घ्यावयाची नसली तरी दुकानाच्या पायरीवर टेकलेल्या आजीला तिचे नाव, ती कोणत्या डोंगरावर उगवते आणि कशी ओळखतात हे विचारता येते. शाळेला सुटी असलेल्या नातीच्या हाती त्या वेळी एक कोरी वही द्यावी.