जबलपूर : पबऐवजी जिलबी

लंडनला वाटाड्याबरोबर संध्याकाळी जुन्या पबांची फेरी मारतात. जबलपुरात ती वेळ कमानिया गेटला द्यावी, आणि सोबत एखादा गप्पिष्ट जबलपूरकर घ्यावा. हे गेट १९३९च्या त्रिपुरी काँग्रेसचं स्मारक. अध्यक्ष सुभाषबाबू त्या अधिवेशनाला तापाने फणफणलेले, स्ट्रेचरवरून आले होते.

गेटजवळच ‘बडकुल’ची १८८९पासूनची गादी. इथली खव्याची जिलबी म्हणजे आपल्या मठ्ठ्याबरोबरची कुरकुरीत जिलबी नव्हे. ही काळपट तपकिरी, जाडसर, आत मऊ. चवीला गुलाबजामची सख्खी बहीण. बोटांना पाक लागतोच. दोनांत पोट भरतं, तिसरी हावरटपणा!

पुढे टाउन हॉल. १९२३ साली इथे तिरंगा फडकला आणि झेंडा सत्याग्रहाची ठिणगी पडली. तिचा वणवा मग नागपुरात पेटला. नागपूरशी नातं तसं जुनंच: १७९८पासून १८१७पर्यंत इथे भोसल्यांचा अंमल होता.

बाजाराच्या गल्ल्या अरुंद आहेत. गाडी लांबच लावा, पायी फिरा, आणि जिलबी गरम असतानाच खा. बांधून घरी नेलेलीत ती मजा नाही.