पैठणीची उलटी बाजू कुठली?

गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यात कुणी "सदरा उलटा घातलाय की" म्हणालं, तर चूक कुठली ते अंगाकडं बघूनच कळतं. एक तर शिवण बाहेर आलेली असते, नाहीतर पाठ पुढं आलेली. इंग्रजी शिकणाऱ्या पोराला मात्र पहिलीसाठी 'इनसाइड आउट' आणि दुसरीसाठी 'बॅक टू फ्रंट' असं वेगवेगळं पाठ करावं लागतं. चपलांची अदलाबदल झाली तर तिसरंच, 'ऑन द राँग फीट'.

मागचं पुढं झालेलं अंगालाच आधी कळतं. आपली मान खांद्यांवर सरळ उभी नसते, जरा पुढं झुकलेली असते. म्हणून शिंपी पुढचा गळा खोल कापतो, मागचा उथळ. टीशर्ट फिरवून घातला की उथळ गळा पुढं येऊन घशाला काचतो आणि मागं मानेखाली पाठ उघडी पडते.

साडीला ना गळा ना बाही. तिची उलटी बाजू मागावरच ठरते. साध्या जरीच्या साडीत बुट्टीचा धागा जादा घातलेला असतो. एक बुट्टी संपली की पुढची येईपर्यंत तो मागच्या अंगानं मोकळा धावतो. हे धागे तसेच ठेवले तर जोडव्यात, बांगडीत अडकतात, म्हणून पुष्कळदा कातरून टाकतात. उरतात ती कुसळासारखी टोकं. हाताला खरखर लागली की समजावं, ही आतली बाजू.

लग्नाचा बस्ता बांधताना पैठणी हातात आली की ही खूण चालत नाही. चकलांब्याहून गोदावरी ओलांडली की पैठण. तिथं आणि नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात अजून हातमागावर पैठणी विणतात. पदरावरच्या मोराचा हिरवा, निळा, लाल असा प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या तिल्लीवर गुंडाळलेला असतो. विणकर हिरवा धागा मोराच्या कडेपर्यंतच नेतो, तिथं शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकवतो आणि माघारी वळवतो. धागा पलीकडं जातच नाही, मग मागून धावणार काय? मोर दोन्हीकडून तसाच दिसतो. पदराला वेळ लागतो तो यामुळंच, आणि किंमतही त्याचीच. यंत्रमागावरच्या 'सेमी पैठणी'चा पदर उलटून बघा, मागं धाग्यांचं जाळं दिसेल. दुकानदार पदर उलटू देत नसेल तर सरळ उठावं.

एवढं करून पैठणीला उलटी बाजू चिकटते ती फॉल-पिकोवालीच्या सुईनं! फॉल ज्या अंगाला शिवला ते आतलं अंग, आणि ज्या काठाला शिवला तो खालचा काठ. पदर ठरलेल्या टोकालाच असतो, त्यामुळं बाजू पालटली की काठही आपोआप वरचा खाली येतो. दोन्ही काठ सारखे असलेल्या जुन्या पैठणीचा खालचा काठ घासून विटला, तर फॉल उसवून दुसऱ्या काठाला, दुसऱ्या अंगानं लावून घ्यावा. विटलेला काठ कमरेशी खोचला जातो आणि इतकी वर्षं आत राहिलेला मोर बाहेर मिरवतो.