चित्रवाहक तारेची परीक्षा

चेन्नईच्या नैर्ऋत्येस असलेले ओरगडम हे गाव मोटारींच्या कारखान्यांमुळे देशभर ठाऊक झाले. त्याच्या शेजारच्या श्रीपेरुंबुदूर येथे २००७ पासून दूरचित्रवाणी संचही तयार होऊ लागले. असा एखादा संच शाळेत अथवा ग्रंथालयात येऊन पोहोचला, म्हणजे त्याला चित्र पुरविणारे उपकरण एका तारेने जोडावे लागते. या तारेस एचडीएमआय केबल म्हणतात. ही पद्धत २००२ साली जाहीर झाली. वरून सर्व तारा सारख्याच दिसतात. मग हवे ते चित्र कोणती तार वाहून नेईल, हे कसे ओळखावे?

प्रथम थोडा हिशेब करू. ज्यास फोर-के म्हणतात त्या चित्रात आडवे ३,८४० आणि उभे २,१६० बिंदू असतात. म्हणजे एकूण सुमारे ८३ लक्ष. प्रत्येक बिंदूचे तीन मूळ रंग सांगण्यास २४ द्विमान अंक, म्हणजे बिट, लागतात. सेकंदास ६० चित्रे दाखवावयाची असल्यास दर सेकंदास सुमारे १,१९४ कोटी बिट होतात. शिवाय दोन ओळींच्या व दोन चित्रांच्या मधला रिकामा काळ असतो, आणि संकेत सुरक्षित पोहोचावा म्हणून दर ८ बिटांऐवजी १० पाठविले जातात. यामुळे प्रत्यक्ष भार १,७८२ कोटींवर जातो. सेकंदास ३० चित्रेच असतील, तर तो निम्मा होतो.

आता तारांचे वर्ग पाहू. ‘हाय स्पीड’ तार दर सेकंदास १,०२० कोटी, ‘प्रीमियम हाय स्पीड’ १,८०० कोटी आणि ‘अल्ट्रा हाय स्पीड’ ४,८०० कोटी बिटांसाठी असते. म्हणजे ३० चित्रांस पहिली पुरते. ६० चित्रांस दुसरी जेमतेम पुरते. १२० चित्रांस तिसरीच घ्यावयास हवी. शेवटच्या दोन वर्गांच्या प्रमाणित तारांच्या वेष्टनावर एक चिठ्ठी असते. तिच्यावरील सांकेतिक चौकट मोबाइलने पडताळून पाहता येते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उपकरण संचाला त्याची क्षमता विचारते व त्याप्रमाणे चित्र पाठवू लागते. परंतु साध्या तारेची क्षमता कोणी विचारीत नाही. ४,८०० कोटींच्या नव्या पद्धतीत मात्र आधी सरावाचे संकेत पाठवून वेग ठरविला जातो. इतर ठिकाणी तारेची परीक्षा आपणच घ्यावयाची असते.

ती अशी घ्यावी. संचाच्या निवडसूचीत त्या खाचेसाठी उच्च दर्जाच्या संकेताची सोय चालू करावी. काही संचांत सर्वच खाचा समान क्षमतेच्या नसतात. उपकरण फोर-के आणि ६० चित्रांवर ठेवावे. चित्रपट बहुधा सेकंदास २४ चित्रांचा असतो. उपकरण तोच वेग पाठवीत असेल, तर तारेवर पुरेसा भार पडत नाही. संचाच्या माहितीफलकावर खरोखर काय येत आहे ते वाचावे, आणि अर्धा तास पाहावे. पांढरे ठिपके चमकणे, आवाज तुटणे, क्षणभर पडदा काळा होणे ही तार अपुरी असल्याची लक्षणे होत. दोष दिसल्यास दुसरे काहीही न बदलता केवळ तार बदलावी. दोष गेला, तर कारण सापडले.

लांबी वाढली की तांब्याच्या तारेत जलद संकेत क्षीण होतो. म्हणून शक्य तेवढी आखूड तार घ्यावी.

जुन्या दूरचित्रवाणीत संकेत दुबळा झाला की चित्र हळूहळू अस्पष्ट होई. अंकीय संकेतात तसे होत नाही. बिट बिनचूक पोहोचले, तर स्वस्त तारेतून येणारे चित्र आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या तारेतून येणारे चित्र अगदी एकच असते. शाळेचा पैसा मर्यादित असतो. तो मुलाम्यावर न घालविता योग्य वर्गाच्या तारेवर खर्च करावा, आणि तिची परीक्षा विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावी.