पाचू कुठला? उत्तर दगडाच्या पोटातच

जळगावच्या सराफ बाजारात सोन्याची पारख करणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. दागिना यंत्रात ठेवला की त्यात सोने किती आणि तांबे किती, हे पडद्यावर दिसते. पण त्याच दागिन्यात हिरवा पाचू जडवलेला असेल, तर प्रश्न वेगळा होतो. तो खरा की खोटा, हे जाणकार भिंगाखाली पाहून बहुधा सांगतो. तो कुठल्या खाणीतला, हे सांगताना मात्र त्यालाही थांबावे लागते. आणि पाचूचा भाव बऱ्याच अंशी याच उत्तरावर ठरतो.

‘जुन्या खाणीचा’ हा असाच भाव चढवणारा शब्द. मोगल बादशहा आणि हैदराबादचे निजाम यांच्या खजिन्यांतले गडद हिरवे, उत्तम पाचू जवाहिरांच्या व्यापारात याच नावाने ओळखले जात. आशियातल्या कुठल्यातरी प्राचीन, आता विस्मरणात गेलेल्या खाणींतून ते आले, अशी समजूत होती. या समजुतीचा निकाल लावण्यात समुद्रतळाशी गेलेल्या एका स्पॅनिश जहाजातल्या पाचूचाही वाटा आहे.

‘न्युएस्त्रा सेन्योरा दे आतोचा’ हे त्या जहाजाचे नाव. दक्षिण अमेरिकेतली चांदी, सोने आणि रत्ने घेऊन ते क्यूबातल्या हवाना बंदरातून स्पेनकडे निघाले होते. सप्टेंबर १६२२ मध्ये फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाजवळ ते वादळात सापडले आणि बुडाले. जहाजावरच्या २६५ जणांपैकी पाचच वाचले. मेल फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या जहाजाचा मुख्य खजिना सापडला तो १९८५ मध्ये, तब्बल सोळा वर्षांच्या शोधानंतर.

त्यातल्या चांदीचा माग काढणे तुलनेने सोपे होते. चांदीच्या विटांवर आकडे आणि शिक्के ठोकलेले होते. १९७३ मध्ये मिळालेल्या तीन विटांवरचे आकडे स्पेनमधल्या सेव्हिल शहराच्या जुन्या दप्तरात जपलेल्या मालाच्या यादीशी जुळले, आणि शोध योग्य जहाजाचाच चालला आहे याची खात्री पटली. पाचूवर मात्र शिक्का नसतो. त्याला बोलते करायला दुसरी युक्ती लागते.

ती युक्ती ऑक्सिजनमध्ये आहे. पाचू म्हणजे बेरिलियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा स्फटिक. त्यात क्रोमियम किंवा व्हॅनेडियमचा अंश मिसळला की हिरवा रंग येतो. यातला सगळा ऑक्सिजन एकसारखा नसतो. बहुतेक अणू १६ वजनाचे असतात, तर थोडे १८ वजनाचे, म्हणजे जड. या दोहोंचे प्रमाण किती, हे पाचू ज्या खडकात आणि ज्या पाण्यातून घडला त्यावर अवलंबून असते. जगातले बरेच पाचू तप्त शिलारसाशी नाते असलेल्या खडकांजवळ घडले. कोलंबियात तसे झाले नाही. तिथे गरम, खारे पाणी काळ्या गाळाच्या खडकांतून झिरपले आणि त्यातून पाचू तयार झाले. म्हणून कोलंबियाच्या पाचूत जड ऑक्सिजनचे प्रमाण बरेच जास्त असते. हे प्रमाण म्हणजे दगडाचा जन्मदाखलाच. तो घासून किंवा पैलू पाडून पुसता येत नाही.

फ्रान्समधले भूवैज्ञानिक गॅस्तों ज्युलियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दाखला वाचला. विद्युतभारित कणांचा बारीक झोत पाचूवर सोडायचा आणि उडालेले अणू मोजायचे, अशी ही पद्धत. त्यात पडणारा खड्डा केसाच्या जाडीहूनही लहान असतो, त्यामुळे मौल्यवान रत्नही तपासता येते. २००० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आतोचा जहाजातला पाचू कोलंबियातल्या मुझो परिसरातला निघाला. निजामाच्या खजिन्यातल्या ‘जुन्या खाणीच्या’ चार पाचूंपैकी तीन कोलंबियाचेच होते. चौथा अफगाणिस्तानातल्या पंजशीर खोऱ्यातला.

म्हणजे आशियातल्या हरवलेल्या खाणींची कथा बहुतांशी चुकीची होती. स्पॅनिशांनी सोळाव्या शतकात कोलंबियातल्या खाणी ताब्यात घेतल्या आणि पाचू थोड्याच काळात भारतात पोहोचू लागले. आधी स्पेनमार्गे, पुढे फिलिपिन्समार्गे.

गंमत म्हणजे, हे सतराव्या शतकातच एका जवाहिऱ्याने लिहून ठेवले होते, आणि तो खानदेशातून गेलेला माणूस होता. ज्याँ-बाप्तिस्त तव्हेर्निए हा फ्रेंच व्यापारी सुरतेहून नवापूर, नंदुरबारमार्गे बुऱ्हाणपूरला गेला. तेव्हा खानदेश सुभ्याचा कारभार बुऱ्हाणपूरहून चाले आणि सुरत बंदरातला माल याच वाटेने देशात येई. पाचू पूर्वेकडच्या खाणींतून येतात हा जुना गैरसमज आहे, ते पेरूहून फिलिपिन्समार्गे येतात, असे त्याने १६७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात बजावले. बाजाराने मात्र ‘जुन्या खाणी’वरचा विश्वास सोडला नाही. पंजशीरचा तो एक पाचू पाहता तव्हेर्निएही पूर्णपणे बरोबर नव्हता, हेही प्रयोगशाळेनेच दाखवले.

या पद्धतीला मर्यादा आहेत. काही खाणींचे ऑक्सिजनचे आकडे एकमेकांत मिसळतात. म्हणून तज्ज्ञ केवळ त्यावर विसंबत नाहीत. पाचूच्या पोटात अडकलेले द्रवाचे थेंब, वायूचे बुडबुडे, मिठाचे कण आणि इतर मूलद्रव्यांचे सूक्ष्म अंशही ते तपासतात. एकाच पोकळीत द्रव, बुडबुडा आणि मिठाचा चौकोनी कण दिसला, तर तो कोलंबियाकडे बोट दाखवणारा महत्त्वाचा पुरावा ठरतो, पण तोही एकटा पुरेसा नाही.

ग्राहकासाठी यातला धडा साधा आहे. आज बाजारात झांबिया, ब्राझील आणि कोलंबिया अशा अनेक देशांचे पाचू येतात, आणि नुसत्या डोळ्यांनी त्यांचे मूळ खात्रीने सांगता येत नाही. ‘कोलंबियन’ किंवा ‘जुन्या खाणीचा’ म्हणून जादा पैसे मोजायचे असतील, तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे. भेगा झाकण्यासाठी पाचूत तेल भरले आहे का, याची नोंदही त्यात पाहावी. असे तेल असलेला दागिना गरम पाण्यात किंवा कंपनाने स्वच्छ करणाऱ्या यंत्रात घालू नये. तेल निघून भेगा उघड्या पडतात.

घरातला पिढीजात पाचू कोलंबियाचा निघो वा न निघो, त्याची हिरवाई तीच राहते. फक्त त्याच्याबद्दल सांगितली जाणारी गोष्ट खरी की ऐकीव, हे आता तपासता येते.