सलग १९ मॅच जिंकणाऱ्या कोचला शिट्ट्या का? मोरोक्कोच्या फॅन्सचा राग समजून घेऊ या

शुक्रवारी, २६ डिसेंबर २०२५ ला रबातमध्ये मोरोक्को विरुद्ध माली ही मॅच १-१ अशी बरोबरीत सुटली. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. आफ्रिका कप तेव्हा मोरोक्कोतच भरला होता, स्टेडियम घरचं, माणसंही घरचीच. तरी मॅच संपल्याची शिट्टी रेफरीने वाजवली आणि मागोमाग प्रेक्षकांतून शिट्ट्या सुरू झाल्या. आपल्याकडे शिट्टी म्हणजे कौतुक, तिकडे उलट. उत्तर आफ्रिका आणि युरोपातल्या स्टेडियममध्ये शिट्टी म्हणजे नाराजी, आपल्या भाषेत हुर्यो. आणि या शिट्ट्यांचा रोख मुख्यतः एका माणसाकडे होता: तेव्हाचे कोच वालिद रेग्रागी.

हे तेच रेग्रागी, ज्यांनी २०२२ मध्ये कतारच्या वर्ल्ड कपमध्ये मोरोक्कोला सेमीफायनलपर्यंत नेलं. तिथवर पोहोचलेली ती पहिली आफ्रिकन आणि पहिली अरब टीम. आपल्याकडच्या किती घरांत त्या रात्री मुलं जागी होती, हे वेगळं सांगायला नको. मैदानावर सजद्यात गेलेले खेळाडू, आईसोबत नाचणारा बुफाल, आईच्या कपाळाचं चुंबन घेणारा अशरफ हकीमी, हे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर महिनाभर फिरत होते.

आणि मालीच्या मॅचआधी या टीमने सलग १९ मॅच जिंकल्या होत्या. राष्ट्रीय टीमचा सलग विजयांचा जुना विक्रम स्पेनचा होता, १५ मॅचचा. तो रेग्रागींच्या टीमने ऑक्टोबर २०२५ मध्ये मोडला. मग एका बरोबरीवर एवढा राग का? घरातल्या पोरांनी हा प्रश्न विचारला असेल तर उत्तर जरा लांबून द्यावं लागेल.

आधी कतारमध्ये काय झालं ते आठवू. वर्ल्ड कपला तीन महिने राहिले असताना, ऑगस्ट २०२२ च्या शेवटी रेग्रागींना कोच केलं गेलं. आधीचे बोस्नियन कोच वाहिद हलिलहोजिच यांचं हकीम झियेशसारख्या मोठ्या खेळाडूंशी पटत नव्हतं. रेग्रागी नुकतेच कासाब्लांकाच्या विदाद क्लबला आफ्रिकेची चॅम्पियन्स लीग जिंकून देऊन आले होते. त्यांचा जन्म फ्रान्समधला, मोरोक्कन स्थलांतरितांच्या घरातला. २६ जणांच्या त्या संघात १४ जण परदेशात जन्मलेले होते, त्यामुळे ही पोरं त्यांना नीट कळत होती. त्यांचा एक शब्द देशभर गाजला, ‘निया’. म्हणजे आपण म्हणतो तीच नियत. नियत साफ ठेवा, एकमेकांसाठी पळा, बाकी होईल.

नियतीच्या जोडीला एक पक्का हिशोबही होता. रेग्रागींनी टीम आपल्या अर्ध्या मैदानात दाटीवाटीने उभी केली. बचावाची चौघांची ओळ, तिच्यापुढे एकटा सोफियान अमराबात, त्याच्यापुढे पुन्हा चौघांची ओळ. चेंडू समोरच्याकडे राहू दे, मधली वाट मात्र बंद. चेंडू हिसकावला की उजवीकडून हकीमी आणि झियेश सुसाट सुटायचे. स्पेनविरुद्ध जवळपास तीन चतुर्थांश वेळ चेंडू स्पेनकडे होता. स्पेनने हजाराहून जास्त पास दिले आणि गोल एकही केला नाही. पेनल्टी शूटआउटमध्ये तर स्पेनला एकही गोल करता आला नाही, यासीन बोनोने दोन अडवल्या आणि एक खांबाला लागली. पुढे पोर्तुगालला १-० हरवलं. सेमीफायनलपर्यंत पाच मॅचमध्ये मोरोक्कोवर एकच गोल झाला होता आणि तोही स्वतःच्याच खेळाडूच्या पायाला लागून गेलेला.

याला फुटबॉलमध्ये प्रॅग्मॅटिक खेळ म्हणतात. साध्या भाषेत, आधी निकाल, शोभा नंतर. हातात जे आहे त्यात भागवायचं, उगाच धोका पत्करायचा नाही. त्या वेळी कुणी तक्रार केली नाही. स्वतः रेग्रागींनी पोर्तुगालला हरवल्यावर आपल्या टीमची तुलना ‘रॉकी’ सिनेमातल्या बॉक्सरशी केली होती. गरीब घरचा, मार खाऊन उभा राहणारा. लहान माणसाने मोठ्याला रोखलं की सगळ्यांनाच बरं वाटतं, तेव्हा तो कसा रोखतोय हे कोण बघतं?

अडचण इथूनच सुरू झाली. वर्ल्ड कप संपला आणि मोरोक्को लहान राहिला नाही. २०२५ च्या अखेरीला आफ्रिकेत सगळ्यात वरच्या रँकिंगची टीम तीच होती. हकीमी पॅरिसच्या क्लबकडून युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकलेला, नोव्हेंबर २०२५ मध्ये आफ्रिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. ब्राहिम डियाझ रेआल माद्रिदचा. आता समोरची टीम मोरोक्कोविरुद्ध तेच करते जे मोरोक्कोने स्पेनविरुद्ध केलं होतं. मागे दाटी करून उभी राहते आणि म्हणते, या, फोडा आम्हाला.

असा बचाव फोडायला वेगळं काम लागतं. साइड बॅक पुढे पाठवावे लागतात, मिडफील्डच्या दोघा-तिघांना गोलसमोर घुसवावं लागतं, एका टचमध्ये पास फिरवावे लागतात. हे करताना मागची जागा उघडी पडते, म्हणजे धोका आलाच. रेग्रागी इथे हात आखडता घेत होते, ही फॅन्सची मुख्य तक्रार होती. चेंडू आडवा फिरत राहायचा, उजवीकडून डावीकडे, डावीकडून परत उजवीकडे. तास होत आला तरी बदली खेळाडू उतरत नसत. मग कुणीतरी स्टार एकट्याच्या हिमतीवर काहीतरी करायचा आणि मॅच १-० व्हायची.

त्या १९ विजयांची यादी बघितली तर दोन्ही बाजूंना पुरावा सापडतो. काँगोवर ६-०, लेसोथोवर ७-०, नायजरवर ५-०. हे करणारा कोच ‘बस उभी करणारा’ आहे असं म्हणणं अन्याय होईल. पण त्याच यादीत लेसोथोवर १-० आहे, गोल शेवटच्या मिनिटांत. नायजरवर २-१, पुन्हा शेवटी. बेनिनवर १-०, बहारीनवर १-०, काँगोवर १-०, मोझांबिकवर १-०. कागदावर सगळे विजय सारखेच. पण स्टेडियममध्ये ९० मिनिटं बसून ते बघणाऱ्याला ते सारखे वाटत नाहीत. त्याला दिसतं की शेवटच्या मिनिटाचं नशीब एखाद्या दिवशी साथ देणार नाही.

तो दिवस एकदा येऊनही गेलाय, म्हणून तर ही भीती. ३० जानेवारी २०२४, आयव्हरी कोस्टमधला त्याआधीचा आफ्रिका कप. बाद फेरीत समोर दक्षिण आफ्रिका. वर्ल्ड कप सेमीफायनलिस्ट मोरोक्को घरी जाईल असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं. दक्षिण आफ्रिका थांबून राहिली, संधी आली तेव्हा गोल केला. ८५ व्या मिनिटाला मोरोक्कोला पेनल्टी मिळाली, हकीमीचा चेंडू आडव्या खांबावर आदळला. नंतर अमराबातला रेड कार्ड आणि त्याच फ्री किकवर दुसरा गोल. २-० आणि स्पर्धा संपली. मालीविरुद्ध पुढे असताना टीम मागे सरकली आणि ६४ व्या मिनिटाला पेनल्टीवर बरोबरी झाली, तेव्हा अनेकांच्या डोळ्यांसमोर तीच रात्र आली असणार.

यात आणखी एक गोष्ट मिसळली आहे, जी आपल्याकडच्या बातम्यांत फारशी येत नाही. मोरोक्कोच्या बाकीच्या टीम त्या काळात काय करत होत्या बघा. तारिक सक्तिवी यांच्या टीमने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये इजिप्तला ६-० हरवून ब्राँझ मिळवलं. त्यांनीच ऑगस्ट २०२५ मध्ये देशांतर्गत खेळाडूंचा आफ्रिकन कप जिंकून दिला आणि १८ डिसेंबरला कतारमध्ये जॉर्डनला ३-२ हरवून अरब कप. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोहम्मद वहबी यांच्या २० वर्षांखालच्या पोरांनी चिलीत अर्जेंटिनाला २-० हरवून वर्ल्ड कप उचलला. म्हणजे फॅन्सकडे तेव्हा तुलना करायला घरातलीच उदाहरणं होती. मोठ्या भावाचं कौतुक संपतं ते धाकटे जास्त मार्क घेऊन येतात तेव्हा, तसं काहीसं.

आणि ट्रॉफी? मोठ्या टीमकडे आफ्रिका कप तोवर एकदाच आला होता, १९७६ मध्ये. २००४ ला फायनलमध्ये ट्युनिशियाकडून २-१ हरले, आणि त्या टीममध्ये राइट बॅक कोण होता? हेच वालिद रेग्रागी. ४९ वर्षांची वाट, त्यात २०२५ ची स्पर्धा घरी. स्टेडियमवर प्रचंड पैसा खर्च झाला होता, कारण २०३० चा वर्ल्ड कपही स्पेन आणि पोर्तुगालसोबत मोरोक्कोत होणार आहे. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी तरुण पोरं-पोरी रस्त्यावर उतरली होती, त्यांचा सवाल होता की स्टेडियम उभी राहतायत, मग दवाखाने आणि शाळा कुठे आहेत? एवढं सगळं ज्या स्पर्धेवर लादलं होतं तिथे ‘चार गुण झालेत, गटात आपणच पहिले आहोत’ हे कोचचं गणित लोकांच्या गळी उतरत नव्हतं. गणित चूक नव्हतं, पण लोक गुण मोजायला आलेले नव्हते.

हा राग फक्त मोरोक्कन स्वभावाचा आहे असंही नाही. जून २०२४ मध्ये इंग्लंडची स्लोव्हेनियाशी ०-० झाली तेव्हा इंग्लिश फॅन्सनी कोच गॅरेथ साउथगेट यांच्या दिशेने प्लास्टिकचे ग्लास फेकले होते. तीच टीम पुढे युरो कपच्या फायनलला गेली, हरली आणि साउथगेट दोन दिवसांत पायउतार झाले. त्याच स्पर्धेत फ्रान्स सेमीफायनलला पोहोचली तोवर तिच्या खात्यात दोन ओन गोल आणि एक पेनल्टी, एवढंच होतं. फ्रेंच लोक वैतागले होते, पण कोच दिदिए देशाँ हलले नाहीत. त्यांच्याकडे २०१८ चा वर्ल्ड कप आहे. ट्रॉफी असली की कंटाळवाणा खेळही ‘अनुभव’ ठरतो, नसली की ‘भित्रेपणा’. रेग्रागींच्या कपाटात राष्ट्रीय टीमसोबत जिंकलेली ट्रॉफी तेव्हा नव्हती. कतारची आठवण होती, आणि आठवणीवर किती दिवस निघणार?

कोचच्या बाजूनेही दोन शब्द बोलायला हवेत. हकीमीचा घोटा नोव्हेंबरपासून दुखावलेला, मालीच्या मॅचपर्यंत त्याने या स्पर्धेत मैदानावर पाऊल ठेवलेलं नव्हतं. कोमोरोसविरुद्धच्या पहिल्याच मॅचमध्ये अनुभवी डिफेंडर रोमां साइस विसाव्या मिनिटाच्या आत जखमी होऊन बाहेर गेला. शिवाय लांबच्या स्पर्धेत गोल न खाणारी टीम बहुतेक वेळा शेवटपर्यंत टिकते, हे रेग्रागी अनुभवातून शिकलेत. आणि कतारमध्ये फ्रान्सविरुद्ध काय झालं तेही त्यांच्या लक्षात असणार. पाचव्या मिनिटाला गोल खाल्ला, मग मोकळं खेळावं लागलं, चेंडू फ्रान्सपेक्षा जास्त वेळ मोरोक्कोकडे राहिला, लोकांनी वाहवा केली आणि निकाल ०-२.

माझं विचाराल तर फॅन्सची तक्रार रास्त आहे, पण ती ‘बचावात्मक खेळतो’ अशी मांडली की चुकते. खरी तक्रार अशी आहे की परिस्थिती बदलली आणि पद्धत बदलली नाही. मालीविरुद्ध अझ्झेदीन ओनाही मिडफील्डमध्ये एकटा धावत होता, चेंडू पुढे नेत होता. त्याच्या आसपास हलणारं कुणी असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं. हा कोचचा विषय आहे. शिट्ट्यांचं मात्र पटत नाही. त्या कोचसाठी असतात आणि ऐकू येतात बावीस-तेवीस वर्षांच्या खेळाडूला, ज्याने पुढचा पास धोका घेऊन द्यावा अशी आपलीच अपेक्षा असते. घाबरलेला पोरगा मग आडवाच पास देतो.

त्याआधीच्या स्पर्धेतलं एक उदाहरण मोरोक्कोत सगळ्यांना पाठ आहे. यजमान आयव्हरी कोस्ट गटात इक्वेटोरियल गिनीकडून ४-० हरले, लोक संतापले, कोच स्पर्धेच्या मध्येच गेला. मग मोरोक्कोने झांबियाला १-० हरवलं, त्या निकालामुळे आयव्हरी कोस्ट कसेबसे पुढच्या फेरीत आले आणि नव्या कोचसोबत चक्क चॅम्पियन झाले. काही जण म्हणतात, बघा, कोच बदलला की होतं. काही म्हणतात, बघा, गटातल्या वाईट रात्रीने काही संपत नाही.

सोमवारी २९ डिसेंबरला रबातमध्येच पुन्हा झांबिया समोर होती. दोन बरोबरी करून आलेली, दोन गुणांवर असलेली टीम. हकीमी खेळतो का, आणि पहिला अर्धा तास गोल झाला नाही तर स्टँडमधून आवाज कसला येतो, हे तेव्हा कळणार होतं.